कलती ओळ

"समास वगळतो," सीदात्ती म्हणाला.

सल्काने चहाची किटली पुन्हा निखाऱ्यांवर ठेवली. "का म्हणून?"

राजधानीतून सीदात्ती जुनी पुस्तकं टिपायचं यंत्र घेऊन शिंगेत्ती या वाळवंटातल्या गावी आला होता. पुस्तक सल्काच्या काझी पणजोबांच्या हातचं; पानं उन्हात वाळलेल्या चामड्यासारखी वळलेली, दाबली तर तुटतील अशी. त्याच्या यंत्राला दाबावं लागत नव्हतं. वरून कॅमेरा पान टिपायचा, ओळी कुठे वाकल्यात ते पाहून यंत्र बाक ओळखायचं, आणि पडद्यावर पान सपाट होऊन यायचं. सल्का सकाळपासून कौतुकाने बघत होती. एका हाताने पान उलटायचं, दुसऱ्याने मांडीवरच्या लेकीला थोपटायचं.

पण या पानाच्या समासात पणजीचं टिपण होतं. ओळी तिरप्या, वर चढत गेलेल्या. यंत्राला तो कलही कागदाचाच बाक वाटे. तो काढायच्या नादात ते मधला मजकूर पिळून टाकी.

"मधलं महत्त्वाचं, ताई. काझींचं लिखाण आहे. कडेला काय, कुणीतरी खरडलंय."

"कुणीतरी नाही. त्यांची बायको."

"मग बाईंना सरळ लिहायला काय झालं होतं?" तो हसला. "चला, समास कापतो. मला उजेडी अतार गावी पोचायचंय."

"पोचाल की. तिसरा पेला घेऊन."

त्याने समोरचे दोन रिकामे पेले पाहिले. तिसरा घेतल्याशिवाय उठणं म्हणजे त्या घराचा अपमान. असं त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. सल्काने दोन्ही हात लेकीभोवती घेतले आणि निवांत बसली.

"ताई, ओता ना."

"मुरतोय अजून."

"किती वेळ मुरणार?"

"ते तुमच्यावर आहे, भाऊ."

पुटपुटत तो यंत्राकडे वळला. ओळी सोडून पानाच्या कडांवरून बाक मोजायला त्याने यंत्राला लावलं. चार वेळा फसला. पाचव्यांदा पान सपाट उमटलं. काझींच्या ओळी सुतासारख्या सरळ, आणि शेजारी पणजीच्या, आपल्या कलत्याच.

सीदात्तीने मान तिरकी केली. आणखी थोडी. मग अडखळत मोठ्याने वाचलं :

"मांडीवर मूल आहे, ओळ कलेल. पण चूक तुमच्या ओळीत आहे, काझीसाहेब."

सल्काने किटली उचलली. मांडीवरची लेक हलली, आणि चहाची धार जराशी कलली.