खंडेनवमीची विश्रांती

"आज खंडेनवमी. कारखान्यात लेथ मशीनला देत होतो तशी मलाही विश्रांती दे," कॉम्प्युटरमधले दिगंबरराव म्हणाले. अपघातात देह गेल्यापासून वर्षभर त्यांचं मन तिथेच राहत होतं. हेमलताबाईंनी पहिल्यांदाच बटण बंद केलं, यंत्राला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि ते पुन्हा चालू केलं.

"हेमा, निशिकांत कुठाय? पोराला फार लागलं का गं?"

बाईंनी निरांजन खाली ठेवून हाक मारली. लेक धावत आली. "आई, आधी सेव्ह नाही केलंस? बाबांचं वर्षभराचं सगळं रॅममध्येच होतं. वीज बंद झाली की ते पुसलं जातं. हार्डडिस्कवर फक्त अपघातानंतरचा पहिला दिवस आहे."

त्याच अपघातात गेलेल्या निशिकांतसाठी वर्षभर दोघं मिळून रडले होते. आता ते रडणं एकट्या बाईंकडे उरलं.

"बरा आहे हो," त्या म्हणाल्या, "झोपलाय."