घटपर्णीचं पाणी

“झाडं टाकायची आणि मग नातीला आणायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही,” डिस्टिल्ड वॉटरचा कॅन जिन्यावर टेकवत काका म्हणाले.

घड्याळं दुरुस्त करता करता म्हातारे झालेले काका वरच्या मजल्यावर एकटे राहत. खालच्या मजल्यावर सिस्टर, त्याही एकट्याच. इस्पितळातली ड्यूटी संपवून आल्या की दिवसातलं पहिलं घरगुती बोलणं त्यांना या जिन्यातच मिळायचं.

काकांची घटपर्णी पानांच्या सुरईत पकडून किडे खाई. असली मांसाहारी झाडं आहेत तोवर माझ्या पोरीला तिथे आणणार नाही, असं मुलीनं बजावलं होतं म्हणे. तेव्हापासून नात आली नव्हती. पण काकांचा हट्टही मुलखावेगळा. त्या झाडांना नळाचं पाणी सोसत नाही, म्हणून दर आठवड्याला हा कॅन ते धापा टाकत वर नेत. वर कुणाला बोलवत मात्र नसत. झाडांना वर्दळ चालत नाही, म्हणत.

“खाते म्हणून बिचारी बदनाम,” काका म्हणाले. “पोरीनं आत बोट घातलं तर बोट ओलं होईल, एवढंच. आणि ती कोपऱ्यावरची कण्हेर? कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तिचं पान चावलं, तर थेट तुमच्या वॉर्डात.”

सिस्टरना ते ठाऊक होतं. कण्हेर चघळलेलं एक पोर त्यांच्या वॉर्डात येऊन गेलं होतं. घटपर्णीपायी कुणी दाखल झाल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ही तर साप साप म्हणून भुई धोपटण्याची गत. एवढ्याशा गैरसमजापायी म्हातारा नातीवाचून झुरतोय, याचं त्यांना फार वाईट वाटलं. एकटेपण काय असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

अडीअडचणीला असावा म्हणून काकांनी मुलीचा नंबर देऊन ठेवला होता. सुट्टीच्या दिवशी सिस्टरनी तो फिरवला. मुलगी आधी दचकली. बाबा ठणठणीत आहेत हे कळल्यावर तिच्या जिवात जीव आला. मग सिस्टरनी तिला नीट समजावलं. मांसाहारी झाड वेगळं, विषारी वेगळं. घटपर्णी माणसाला काही करत नाही, तुम्ही पोरीला खुशाल घेऊन या, जबाबदारी माझी.



“ताई,” मुलगी हळूच म्हणाली, “ती झाडं तर बाबांनी मी म्हटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी देऊन टाकली होती. यायचं आमच्याकडूनच राहिलं.”