लीगचं चिन्ह

कॉलेजांच्या फुटबॉल लीगमधली दोन कॉलेजं दुसऱ्या, श्रीमंत लीगमध्ये पळाल्यापासून अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये कुणाचा कुणावर भरवसा उरला नव्हता. ऐन हंगामाच्या तोंडावर लीगमधल्याच एका कॉलेजचा क्रीडासंचालक हाल्वर्सन शेजारच्या कॉलेजच्या क्रीडासंचालकाला, जुन्या दोस्त टॅकेटला, मुद्दाम भेटायला गेला. फुटबॉलचं मैदान नुकतंच रंगवलेलं. रेषा पांढऱ्याशुभ्र, मधोमध कॉलेजचं बोधचिन्ह, रानरेडा. प्रत्येक कॉलेजनं मैदानावर रंगवायच्या लीगच्या चिन्हाची जागा मात्र कोरी. “हे काय रे?” हाल्वर्सननं विचारलं. “रंग संपला,” टॅकेट म्हणाला. “रानरेड्याच्या शेपटीपर्यंत बरा पुरला!” “तुला सोडून मी कुठे जाणार, वेड्या? चल, बार्बेक्यू हाणू.” हाल्वर्सननं ताट अर्धवटच सोडलं. “केसानं गळा कापतोय लेकाचा!” पुटपुटत तो परतला. आपल्या रंगाऱ्यावर खेकसला, “शनिवारी टॅकेट सामन्याला येतोय. लीगचं चिन्ह आजच रंगव.” रंगारी चक्रावला. “पण साहेब, तुम्हीच म्हणालात, श्रीमंत लीगचा होकार येईपर्यंत थांब.” हाल्वर्सननं इकडेतिकडे पाहिलं. “रंगव. धुतल्यावर जाईल असा रंग घे.”