दातांची खूण

पिंजऱ्यातल्या आजच्या पहिल्या लढतीसाठी आणलेल्या गड्याची नाडी, डोळे, बोटं तपासून डॉक्टरबाईंनी त्याचं दातांवर बसवायचं माउथगार्ड मागितलं. आत दातांची एकही खूण नव्हती. “किती लढती झाल्यात?” “सात,” आयोजक घाईने म्हणाला. “मी यांना विचारलं. तुम्ही हे गरम पाण्यात मऊ करून चावून बसवलं नाहीत?” “चावायचं असतं?” गडी ओशाळला. “तालमीत जायला लागून महिनाच झालाय, ताई.” पूर्वी अशा वेळ भरून काढायच्या लढतीलाही दहा वर्षं घाम गाळलेले यायचे. “बाई, लोक शेवटच्या लढतीसाठी येतात,” आयोजक म्हणाला. “आत्ता कोण बघतंय?” “मी,” म्हणत बाईंनी फॉर्मवर ‘अपात्र’ लिहून सही केली. गड्याने पाण्याची बाटली एका दमात रिकामी केली. आयोजकाने मात्र दारावरच्या रखवालदाराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “काय रे, तुझं वजन किती?” बाई काही बोलायच्या आधीच रखवालदाराने पोट आत घेतलं.