लिहिणाऱ्याचं नाव

तातेरावांनी पुस्तक मोहनसिंगच्या टेबलावर ठेवलं आणि मागच्या पानावरचं लेकीचं नाव दाखवलं. राजनंदिनी तातेराव. शेजारी विकासचं नाव होतं, ते त्यांच्या अंगठ्याखाली गेलं.

"हे नाव काढा," ते म्हणाले.

२००९ साल होतं. मोहनसिंगचा हिंगोलीत छोटा छापखाना होता आणि तो गोष्टींच्या खेळांची पुस्तकं छापायचा. चार-पाच जणांनी गोल करून बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. पुढं काय घडतं ते फाशांवर. कॉलेजात असताना राजनंदिनी आणि विकासनं असा एक खेळ रचला, त्यात अख्खं गाव उभं केलं. वही मोहनसिंगला देताना त्यांनी खुला परवानाही लिहून दिला: कुणीही छापावं, भर घालावी, फक्त लिहिणाऱ्यांची नावं राहू द्यावीत. पुढं नांदेडच्या प्रकाशकानं त्या गावाला जंगल जोडलं, पुण्याच्यानं नदीपलीकडचा किल्ला. मोहनसिंगनं दोन्ही आपल्या पुस्तकात घेतलं. कुणी कुणाला विचारलं नाही, आणि कुणी कुणाचं नाव गाळलं नाही.

"नाव नाही काढता येत, काका. तेवढी एकच अट आहे. काढायचं तर तिनंच सांगायला पाहिजे."

"नऊ वर्षं झाली तिला त्या विकाससंगं जाऊन. तेरावं घातलं म्या, या हातानं."

मोहनसिंगनं पुस्तक त्यांच्याकडं परत सरकवलं. म्हणाला, निदान एकदा वाचून तरी बघा.

सेनगावच्या गाडीची वाट बघताना तातेराव स्टँडवर वाचायला लागले. दोन गाड्या निघून गेल्या. खेळातल्या त्या गावात त्यांची विहीर होती, हळद शिजवायची कढई होती, आणि एक बाप होता. घरादारावर ओरडायचा, पण लेक जेवल्याशिवाय ताटावर बसायचा नाही.

घरी त्यांनी ते बायकोला, द्वारकाबाईंना, वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत त्या माउलीनं लेकीच्या फोटोला हार घालू दिला नव्हता. तिनं सगळं ऐकलं आणि उठून चुलीकडं गेली.

"तुमी बी लिहा की काही," एवढंच म्हणाली.

तातेराव आठवडाभर लिहीत होते, खोडत होते. एक पान झालं. गावाच्या वेशीवर एक म्हातारा बसलेला असतो. परत येणाऱ्याला तो घरी नेतो. सोबत कोण आहे ते विचारत नाही. इथं फासे टाकायचे नाहीत.

ते पान त्यांनी मोहनसिंगच्या हातात दिलं आणि खाली आपलं नाव घालायला सांगितलं, पूर्ण. भर घालायला परवानगी लागत नाही, असं मोहनसिंगच म्हणाला. तरी त्यानं पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी तातेराव नवं धोतर नेसून आले. पान जुळवून तयार होतं. खाली नाव नव्हतं.

"माझं नाव काहून न्हाई? तुमची अटच हाय ना ती?"

मोहनसिंग टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिला.

"पान मी पुण्याला पाठवलं होतं, राजनंदिनीकडं," तो म्हणाला. "छापा म्हणाली, खेळ सगळ्यांसाठी खुला आहे. फक्त नाव नको. तिच्या पोराला आता वाचता येतं, आणि आजोबा वारले असं तिनं त्याला सांगितलंय."