धाकट्याच्या दाराकडचा कॅमेरा

कॅमेरा मंगळवारपासून बंद होता आणि सिद्रामप्पांना जेवण जात नव्हतं. मोबाइलवर नुसता काळा चौकोन दिसायचा, खाली 'ऑफलाइन' अशी अक्षरं. ते सारखं उघडून बघायचे, चष्मा पुसायचे, परत बघायचे.

"कंपनीचा माणूस बोलव," ते सुनेला म्हणाले.

"कंपनीचा कशाला, मामा? मी हाय की," सोनम म्हणाली.

ती उगाच म्हणत नव्हती. लग्नाआधी ती अक्कलकोट रोडला एका इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात होती. दिवसभर फोनवरून लोकांचं बंद पडलेलं वायफाय चालू करून द्यायची. पलीकडचा माणूस कितीही तापलेला असो, शेवटी 'आलं, आलं' म्हणूनच फोन ठेवायचा.

तिनं राउटर बंद करून चालू केला. टीव्ही लागला, मोबाइल चालले, कॅमेरा काही येईना. मग राउटरला काय काय जोडलंय ते तिनं उघडून बघितलं. त्यात कॅमेरा नव्हताच. तिला नवल वाटलं. ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरली. तिथं वायफायचं नाव होतं 'शिवानी'.

शिवानी म्हणजे धाकट्या सासऱ्यांची, चनमल्लप्पांची मुलगी. घर एक होतं तेव्हा नेट चनमल्लप्पांनीच घेतलं होतं आणि त्याला लेकीचं नाव दिलं होतं. कॅमेराही तेव्हाचाच, फाटकावर नजर ठेवायला लावलेला. मागल्या वर्षी जिन्याखालच्या जागेवरून भाऊ-भाऊ तुटले. अंगणात भिंत आली. या बाजूला वेगळं नेट आलं. टीव्ही, मोबाइल त्याला जोडले गेले, कॅमेऱ्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. तो आपला चालतच होता. सिद्रामप्पांनी तर गच्चीवरून वाकून, काठीनं ढोसून त्याचं तोंड भावाच्या दाराकडं वळवलं होतं. "उद्या भिंत इकडं सरकवील तो. त्याचा काय भरवसा," असं म्हणाले होते.

तेव्हापासून भावाचं दार त्यांच्या खिशात असायचं. "चनमल आज लई उशिरा आला." "दूधवाला तितं थांबला न्हाय आज." "मघाशी बाहेर खोकत बसला हुता." जेवताना ते हे सगळं सांगायचे, वैऱ्याची खबर द्यावी तशा आवाजात. भिंतीचं नाव मात्र त्यांनी पुन्हा एकदाही काढलं नव्हतं. सोनमनं ते कधीच हेरून ठेवलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "कॅमेरा आपल्या नेटवर नव्हताच. धाकट्या मामांच्या नेटवर चालत होता. वर्षभर."

सिद्रामप्पांचा चेहरा उतरला. "म्हंजे त्याच्याच नेटवर मी त्यालाच..." ते उठून खिडकीशी गेले, परत आले. "आपल्या नेटला जोडून टाक. त्याला कळायच्या आत."

"जोडते. पण वर चढून बटण दाबावं लागंल. आणि कॅमेऱ्याच्या कोपऱ्याखालचं अंगण आता त्यांच्याकडं गेलंय. शिडी तितंच लावावी लागती."

"मग ऱ्हाऊ दे. तो लावू द्यायचा न्हाय."

"देतात की न्हाय ते मी बघते," सोनम म्हणाली. तिनं शिडी खांद्यावर घेतली आणि ती निघालीसुद्धा.

चनमल्लप्पा बनियनवर ओसरीत पेपर वाचत बसले होते. फाटकात शिडी घेऊन उभी असलेली पुतणसून बघून ते उठले. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा वर कॅमेऱ्याकडं.

"ये. मी वाटच बघत हुतो," ते म्हणाले. "मंगळवारी लाइट वर-खाली झाली, आमचा राउटर जळला. नवा बसवला. तवापासनं ह्याचा दिवा लागंना."

शिडी कोपऱ्याला टेकवून चढू लागलेल्या सोनमचा पाय पहिल्या पायरीवरच थांबला. "तुम्हाला ठाऊक होतं? कॅमेरा तुमच्या नेटवर हाय म्हणून?"

"दिवाळीला शिवानी आलती, तिनं दाखवलं. तोडू का म्हणाली. मी नको म्हणलं." त्यांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "चढ तू. मी धरतो."

ती वर चढली. वरून तिला भिंतीच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. अलीकडं शिडी धरलेले चनमल्लप्पा, पलीकडं भिंतीला लागून उभे असलेले सिद्रामप्पा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सोनमनं कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं, मोबाइलवर आपल्या नेटचा पासवर्ड घातला. थोडा वेळ दिवा लुकलुकला आणि मग निळा होऊन स्थिर झाला.

"आलं," ती वरूनच म्हणाली.

तेवढ्यात फाटक वाजलं. सिद्रामप्पा आत आले होते, चपलाही न घालता. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी या अंगणात पाऊल ठेवलं होतं. भावाकडं बघायचं त्यांना जमेना. ते मान वर करून सुनेशी बोलले.

"सोनम, त्याचं तोंड रस्त्याकडं फिरव."

चनमल्लप्पांनी शिडी सोडली नाही.

"ऱ्हाऊ दे, अण्णा," ते म्हणाले. "बोलणं तर बंदच हुतं. तू बघतोस, एवढंच तर चालू हुतं."