नात्यातला पेशंट

ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, विद्यार्थ्यांच्या मानसोपचार पदवीची शेवटची तोंडी परीक्षा. पास झाल्या, की बावन्न वर्षांच्या डोरीन मावशी आपल्या ब्रेवॉरिना गावच्या दवाखान्यातल्या, दोन वर्षं रिकाम्या पडलेल्या समुपदेशकाच्या खुर्चीत बसणार होत्या.

“नातेवाईकच पेशंट म्हणून आला तर?” तरुण परीक्षक क्लेटननं विचारलं.

“आमच्या गावात नात्याबाहेरचा एकच, फौजदार. तो काही आपणहून यायचा नाही.”

“नियम म्हणजे नियम, मावशी. नातं निघालं की आपण बाजूला व्हायचं.”

मावशींनी त्याचं नाक निरखलं. “तुझी आजी कोण रे? विल्कानियाची एल्मा का?”

“हो! ओळखता?”

“माझ्या आईची सख्खी बहीण.”

क्लेटननं पेन खाली ठेवलं. “आता तुमची परीक्षा कोण घेणार?”

“तेच तर मी मघापासून म्हणतेय, बाळा. आमच्या गावाला कोण बघणार?”